खुरकूत होऊन गेलेली म्हैस

वहिनीचा विषय निघाला आणि कुणी "आयुष्यच तेवढं होतं" म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आयुष्य तेवढं नव्हतं. माझ्या भावाच्या आडमुठेपणाने ते तेवढं झालं असं मला वाटतं, आणि हे मी त्याच्या तोंडावर बोलले आहे.

दादा मुरगूडजवळच्या आमच्या गावी असतो. थोडं शेत, गोठ्यात चार म्हशी, दोन्ही वेळचं दूध डेअरीला. मी कोल्हापुरात शाळेत शिकवते. कोरोनाच्या पहिल्या वर्षी दादा-वहिनी दोघांनाही तो झाला. ताप, खोकला, तोंडाची चव गेली, एवढ्यावर निभावलं. झालं, दादाची छाती फुगली. लस आली तेव्हा मी फोन करकरून सांगितलं, की होऊन गेलेल्यांनीही घ्यायची, अंगातली ताकद हळूहळू ओसरते. तर हा म्हणतो, "आमास्नी झालाय की! गोवर येतोय व्हय दोनदा?"

गोवर म्हणे! शुगरच्या गोळ्या खाणारी बायको घरात, आणि हा मला गोवर शिकवत होता.

मग मी गावीच गेले. त्या दिवशी गावच्या शाळेत लस टोचणार होते. वहिनी चांगली साडी नेसून, आधार कार्ड हातात घेऊन सोप्यात बसली होती. मला बघून म्हणाली, "वन्सं, तुमी तरी सांगा की ह्यास्नी. आशाताई दोनदा बोलवून गेली."

दादा गोठ्यातूनच ओरडला, "काय नको. ताप आला तर धारा कोण काढणार? झालंय न्हवं एकदा?"

मी भांड भांड भांडले. वहिनीने मात्र आत जाऊन साडी बदलली आणि शेणाची पाटी उचलली.

त्याच दुपारी जनावरांचा डॉक्टर लाळ-खुरकुताची लस घेऊन गल्लीत आला. दादाने एकेक म्हैस स्वतः धरली. शेवटी थोरली राहिली. तिला आदल्या वर्षी खुरकूत होऊन गेलं होतं. तोंडातून लाळ गळत होती, खुरं चिघळली होती, वहिनीने हाताने पेज पाजून तिला जगवली होती. डॉक्टर काही विचारायच्या आत दादाच म्हणाला, "हिलाबी टोचा. झाल्यालं हाय, पर परत हुतंय. दूध जातंय मग."

मी शेणात उभी राहून किंचाळले, "म्हशीला परत होतं आणि बायकोला होत नाही व्हय रे?"

"म्हस मुकी हाय गं," दादा हसत म्हणाला. डॉक्टरही हसला. वहिनी हसली नाही.

महिन्याभरात दोघांना परत कोरोना झाला. दादा उठला. वहिनीला कोल्हापूरला दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. लस घेतली असती तर ती वाचलीच असती असं मी कुणाला लिहून देणार नाही. पण तिला लशीला जायचं होतं. साडी नेसून बसली होती बाई! तिच्या दंडावरच्या सुईचा निर्णय ह्याने गोठ्यातून घेतला.

पुढे दादाने गुपचूप जाऊन लस घेतली. आशाताईने मला सांगितलं तेव्हा बरं वाटायला हवं होतं. मला त्याचा आणखीच राग आला.

यंदा सुट्टीत गेले तर जनावरांचा डॉक्टर पुन्हा आला होता. वहिनी गेल्यापासून थोरली कुणाला नीट धार काढू देत नाही, लाथा झाडते. दादाने तिची शिंगं धरली आणि मला दावं ओढून धरायला सांगितलं. सुई टोचून डॉक्टर पुढच्या घरी गेला. दादा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाला, "झाल्यालीलाबी टोचावी लागतीया, न्हवं?"

सांत्वनाचं काहीतरी बोलता आलं असतं. मी दावं त्याच्या हातात दिलं.

"ते तुला तवाबी ठावं हुतं, दादा."