धुतलेल्या डिशा

शिवकन्या पेन केसांत खोचायची आणि मग खोलीभर शोधायची. फोन आला की उठून उभी राहायची, मग बोलायची. हिशेब बोटांच्या पेरांवर करायची. रिकामा डबा, बाटली, दुधाची पिशवीसुद्धा फेकायची नाही. धुऊन उपडी घालायची.

अंबाजोगाईला ती आणि अंजू एका खोलीत राहायच्या. अंजू मराठी घेऊन बी. ए. झालेली. शिवकन्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायची.

"कोऱ्या प्लास्टिकवर पेशी टिकत न्हाईत," ती सांगायची. "जिलेटिनचा पातळ लेप दिला की चिकटत्यात, पसरत्यात, मग वाढत्यात."

तिच्या प्रबंधाचा शोध मात्र उलटा होता: प्लास्टिकच्या एका स्वस्त डिशमध्ये पेशी लेपाशिवायच चिकटत होत्या. तिचे मार्गदर्शक राधाकिशन सर खूश होते. दोन महिन्यांत प्रबंध जाणार होता. तिच्या गावी, कड्याला, आईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

एके दुपारी जेवताना तिचा घास हातातच राहिला.

"अंजे, त्या डिशा मी धुतलेल्या हायत."

"मग? खरकट्या ठिवायच्या होत्या का?"

"एकदा वापरून फेकायच्या असत्यात. माझ्यानं फेकवंना. लेपाच्या डिशा धुतल्या अन् बिनलेपाच्या म्हणून वापरल्या. लेप पाण्यानं जात न्हाई गं. दिसत न्हाई, पण ऱ्हातो."

"कुणाला म्हाईत हाय?"

"मला."

"मग सांगती कावून? गप बस."

ती गप बसली नाही. नव्या कोऱ्या डिशा घेतल्या. त्यांत पेशी गोळे होऊन तरंगत राहिल्या. ती सरांकडे गेली.

"तीन वर्षं, शिवकन्या," सर म्हणाले. "कोण विचारणार आहे?"

"पुढं कुणीतरी नव्या डिशा घेईलच की, सर."

सरांनी प्रबंधाचा मसुदा तिच्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "सगळं पहिल्यापासून कर."

तिनं चोवीस नव्या डिशा मांडल्या. बारा लेपाच्या, बारा बिनलेपाच्या. चिकटलेल्या पेशी रंगवून ठेवल्या, म्हणजे मोजायला घाई नको. सात डिशा मोजल्या आणि कड्याला निघाली. प्रबंध लांबला हे आईला फोनवर सांगायचं नव्हतं. मांजरसुंब्याच्या पुढे जीप उलटली.

तेराव्यानंतर अंजू तिचं सामान आणायला प्रयोगशाळेत गेली. डिशा रांगेनं होत्या. वही उघडी होती. सात ओळी भरलेल्या. आठवीत लिहिलं होतं, 'नवी, बिनलेप'. पुढे आकडा नव्हता.