मांडीवरचा नारळ

सुमनताईंचा अंगठा मांडीवरच्या नारळावर मधूनमधून दाबला जात होता, हातात स्टॉपवॉच असल्यासारखा. आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात त्यांचा सत्कार होता. मुलगी धावते म्हणून गाव नावं ठेवायचं, त्या काळात ताई आठशे मीटरमध्ये राज्यात पहिल्या यायच्या, सलग चार वर्षं, अनवाणी.

प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले आणि बोलतच सुटले. समोर शर्यतीच्या मुली रेषेवर उन्हात ताटकळत होत्या. मघाशी अंग गरम करून आलेल्या, आता पाय आखडून चाललेले. ज्यांनी जन्मात एसटीमागेही धाव घेतली नाही, त्यांनाच धावण्यावर इतकं का बोलायचं असतं? ताईंनी सगळं आयुष्य एकेक सेकंद वाचवण्यात घालवलं, आणि त्यांचा गौरव म्हणजे हा असा वेळेचा चुराडा.

मी वाकून विचारलं, "ताई, कंटाळलात ना?"

"माझी शर्यत एव्हाना दहादा झाली असती," त्या म्हणाल्या. "पण माझं राहू दे. त्या पोरींना आधी सोडा म्हणावं."

मी चिठ्ठी पाठवली. पाहुण्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता मी मुख्य मुद्द्याकडे वळतो."

ताईंनी नारळ पुन्हा शून्यापासून सुरू केला.