अक्काचं दुसरं लग्न

थोरल्या चुलत्यानं माझ्या हातात रुईची फांदी दिली आणि म्हणाला, "धर नीट. ह्यो तुझा दाजी."

अंगणात सगळं गाव जमलेलं. मधे तिरडीवर माझी अक्का. हिरवं लुगडं नेसवलेलं, तोंडभर हळद. आमच्याकडं लग्नाआधी कुणी गेलं की त्याचं रुईशी लग्न लावतात आणि मगच उचलतात. नाहीतर जीव घुटमळतो म्हणे. मी धाकटी बहीण, म्हणून करवलीचा मान माझा. मान! फांदीतून पांढरा चीक गळत होता, मनगटावरून कोपरापर्यंत आला होता. पुसायला हात मोकळा नव्हता.

अक्काचं लग्न झालेलं होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

नव्वदनंतरची वर्षं. इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं की बाकीची गावं निर्धास्त होतात. उसाचं गाव, आम्ही बागायतदार. दारात ट्रॅक्टर, ओसरीवर पानसुपारीचं ताट आणि अंगात माज. अक्का एसटीनं बारामतीला कॉलेजला जायची. तिथं तिची आणि त्याची ओळख वाढली. तो आमच्याच गावच्या खालच्या वाडीचा. त्याच्या आज्याची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसवायचे. त्या लेंड्यांवर आमचा ऊस पोसला. खत चालत होतं. पोरगा एमआयडीसीत डेअरीत पर्मनंट झाला, मोटारसायकल घेतली, तरी आबांच्या तोंडी तो "मेंढक्याचं कार्टं"च राहिला. आबा म्हणजे माझे वडील.

दोघांनी आळंदीला जाऊन लग्न केलं, बारामतीत खोली घेतली. भावकीनं आमच्या घरचं पाणी पिणं सोडलं. चुलते दारावरून जाताना थुंकायचे. आबा घराबाहेर पडेनात. मग एक दिवस सगळी भावकी आमच्या ओसरीवर येऊन बसली, चहा प्याली, आणि आबांचा चेहरा मोकळा झाला. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

आबा आईला म्हणाले, "जा, पोरीला घिऊन ये. वटी भरू, रीतीनं लावून दिऊ."

आई हरखली. चोळीचा खण घेऊन बारामतीला गेली. अक्काही हरखली. नवऱ्यानं विचारलं, मी येऊ का सोबत? ती म्हणाली, आईबरोबर तर चाललेय. हे त्यानं मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्या चुलतीनं कुरडयांचा घाट घातला. भावकीतल्या झाडून सगळ्या बायका तिच्या गच्चीवर. मला आणि आईलाही बोलावणं. अक्का म्हणाली, मीपण येते. चुलती म्हणाली, "तू माहेरवाशीण. पड निवांत." आम्ही तिथं सोऱ्या फिरवत होतो, एकमेकींची चेष्टा करत होतो. उन्हं कलली तेव्हा निरोप आला. अक्काला पान लागलं. म्हणजे साप चावला.

अक्काला आंघोळ घालताना पाणी मी ओतत होते. तिच्या गळ्याभोवती काळानिळा वळ होता, बोटाएवढा जाड. चुलतीनं पाहिला. सगळ्या बायकांनी पाहिला. कुणी कुणाकडं बघितलं नाही. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. चुलतीनं वाटीभर हळद घेतली आणि भिंतीची चीर लिंपावी तसा तो वळ लिंपून टाकला.

"साप चावला कुठं? पायाला का हाताला?" मी विचारलं.

"पाणी वत," चुलती म्हणाली.

बाहेर ज्याला त्याला काम होतं. कुणी गोवऱ्या आणल्या, कुणी ट्रॅक्टर, कुणी लवकर पेटावं म्हणून उसाचं पाचट. पोलीस पाटील स्वतः तिरडीला गाठी मारत होता. इतकं मन लावून काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

आणि आता ही फांदी. ह्यो तुझा दाजी.

मी ती खाली टाकली. म्हणाले, "दाजी बारामतीला हाय. डेअरीत. त्याला बोलवा."

चुलत्यानं खाडकन कानाखाली मारली. एवढ्या माणसांतून एकही हात मधे आला नाही. "पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय," कुणीतरी म्हणालं, आणि गावाला ते लगेच पटलं. शेजारची पोरगी करवली झाली. अक्षता वाटल्या, हळदकुंकू लावलेली ज्वारी. जिवंत अक्काच्या लग्नाला यातलं कुणी फिरकलं नव्हतं. मेलेल्या अक्काच्या लग्नाला सगळे हजर होते आणि प्रत्येकानं मूठ उघडली. मास्तरांनी, सरपंचांनी, देवळातल्या गुरवानं. दाणे माझ्या केसांत अडकले. गळा कुणी आवळला ते चार-दोघांना ठाऊक असेल. अक्षता मात्र गावानं टाकल्या, माझ्या डोळ्यांदेखत.

मग मला कोंडलं. कॉलेज बंद. परसाकडला जाताना चुलती बरोबर. फौजदार आला, ओसरीवर चहा प्याला. मी दारात जाऊन उभी राहिले तर म्हणाला, "बाळ, आत जा." पंचांनी सह्या केल्या, साप मोठा होता म्हणून सांगितलं. लगोलग माझं स्थळ ठरलं. चुलता म्हणाला, "तुझ्या लग्नात तरी त्वांड मिटून ऱ्हा." म्हणजे तेच अंगण, तीच माणसं, त्याच मुठी. आई चुलीपुढं बसून एकच म्हणायची, "मला वटी भरायची म्हून सांगितलं हुतं." मी तिच्यावर खेकसायचे आणि मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडायचे.

आमच्या घरातून बिनधोक बाहेर पडायचं ते फक्त दूध. रोज सकाळी डेअरीचा टेम्पो रस्त्यावर थांबायचा आणि आई किटली घेऊन जायची. एक दिवस आबा रानात गेले होते, चुलती अजून आली नव्हती. आईनं किटली माझ्या हातात दिली.

"आज तू जा," ती म्हणाली. "कणगीमागं घावलं. जपून ने."

किटली हलकी होती. आत दूध नव्हतं. तुटलेली पोत आणि मंगळसूत्राच्या दोन वाट्या होत्या. मी आईकडं पाहिलं. ती पाठ फिरवून जाळ सारत होती. तिला बरोबर चल म्हणायचं राहून गेलं, की म्हणायची हिंमत झाली नाही, अजून सांगता येत नाही.

टेम्पोवाले मुलाणीचाचा परगावचे. त्यांनी विचारलं, "कुठं गं पोरी?"

"डेअरीत. दाजीकडं."

त्यांनी कॅनच्या मधे जागा केली आणि माझ्यावर गोणपाट टाकलं.

दाजीच्या कानावर सापाचीच गोष्ट आली होती; डेअरीच्या गेटवरच मी त्याच्यापुढं किटली उघडली. आम्ही दोघं बारामतीतच पोलिसांच्या मोठ्या साहेबाच्या कचेरीत गेलो. दाजीला बाहेर बसवलं. हवालदारानं माझ्यापुढं कागद ओढला.

"मयताशी नातं?"

"सख्खी बहीण."

"मयत विवाहित का अविवाहित?"

मी तुटलेलं मंगळसूत्र टेबलावर ठेवलं. "विवाहित," मी म्हणाले. "आधी ते लिहा."

त्यानं लिहिलं.

"संशय कुणावर?"

परत जायला आता घर उरणार नव्हतं. आईचं काय होईल, हेही मला कळत होतं. मी आबांचं पूर्ण नाव सांगितलं. मग चुलत्यांची नावं. मग पोलीस पाटलाचं. मग हळद लिंपणाऱ्या चुलतीचं. हवालदारानं मान वर केली.

"झालं?"

"न्हाय," मी म्हणाले. "अक्षता टाकणारी ऱ्हायलीत. कागद आजून लागतील."