मनगटावरची काडी

माझी नाडी बंद पडली तेव्हा मी स्वयंपाकघरात मांडी घालून बसलो होतो आणि तब्येत ठणठणीत होती.

महिन्याभरापूर्वी माझा थोरला भाऊ, दादा, चहा पिता पिता गेला. दवाखान्यात न्यायला जीप येईपर्यंत मनगट गार पडलं होतं. हट्टा गावातल्या आमच्या घरात तेव्हापासून कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. दादाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले आणि आईनं सांगून टाकलं, "आता तूच कर्ता." (मी! ज्याला गॅसची टाकी बायको लावून देते!)

त्या रविवारी दादाची लेक पल्लवी शाळेचा प्रयोग घेऊन बसली. मनगटावर हरभऱ्याएवढी कणीक चिकटवायची, तिच्यात आगपेटीची काडी खोचायची. नाडी उडाली की काडी हलते. पल्लवीची हलली. माझ्या बायकोची, सुनंदाची हलली. भाकरीचं पीठ मळता मळता आईनंही हात पुढं केला. तिचीसुद्धा हलली. ती काडीकडे बघतच राहिली.

मग माझी पाळी. पल्लवीनं कणीक चिमटीत घेतली, तशी आई कडाडली, "कर्त्या माणसाला एवढुसं देतेत व्हय गं? सरक!"

आमच्याकडे कर्त्याला आधी आणि जास्त वाढतात. आईनं परातीतला ज्वारीचा अख्खा गोळा उचलून माझ्या उजव्या मनगटावर थापला आणि वर काडी रोवली.

काडी ढिम्म!

"काका, हालून न्हाई राहिली."

"नीट बघ की!"

"बघूनच राहिले. जराबी न्हाई."

मला दरदरून घाम फुटला. दादालाही असाच फुटला होता! मग छाती दुखायला लागली. डावा हात जड झाला (उजवा गोळ्यानं आधीच झाला होता!).

"अवो, कायतरी बोला!" सुनंदा किंचाळली.

"काय बोलू? नाडी बंद हाय माझी!" मी तिच्या दुप्पट आवाजात ओरडलो. मेलेला माणूस एवढा ओरडत नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही!

शेजारी धावले. एकानं जीपवाल्याला फोन लावला, एकानं तळपाय चोळले. कुणीतरी पुटपुटलं, "एकाच घरात लागोपाठ दोन..."

आई भिंतीला टेकून खाली बसली. "एक नेला. आता ह्यालाबी?"

ते ऐकून मला खरंच रडू फुटलं. मरायची भीती वाटत होतीच, पण आईनं पुन्हा तेच बघायचं, हे सहन होईना.

तेवढ्यात पल्लवीनं गोळा खरवडून काढला आणि हरभऱ्याएवढी कणीक लावली. काडी थडथडा उडायला लागली!

"पीठ लई जड झालं होतं, काका."

शेजारी हसत घरी गेले. कितीतरी दिवसांनी सुनंदाही हसली. आई मात्र माझ्याजवळ सरकून बसली. जेवणाचं ताट आलं, मी काडी काढायला गेलो, तर तिनं हात धरला.

"ऱ्हाऊ दे. दिसू दे मला."

त्या दुपारी घरचा कर्ता उजवा हात पाटावर ठेवून आईच्या हातून घास घेत जेवला. भाकरी त्याच गोळ्याची होती!