भिकुबाईची मूठ

गावाने भिकुबाईची शोकसभा घेतली, तेव्हा तिची मुलगी मंजुळा पहिल्या रांगेत दात आवळून बसली होती. आईचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता, म्हणून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक रिकामी खुर्ची ठेवून तिलाच हार घातला होता. जो उठे तो ‘गावची माउली गेली’ म्हणे. मंजुळाचे मोठे काका चुडामणआबा तर डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, ‘आमच्या घराची लक्ष्मी गेली.’ मंजुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने या लक्ष्मीला कानबाईच्या रोटातली एक मूठ जन्मभर मिळू दिली नव्हती.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, रोटांचा, गहू असातसा घेत नाहीत. आदल्या दिवशी सगळे भाऊबंद जमतात, वडीलधारा एकेका पुरुषाचं नाव घेतो आणि त्या नावाने मूठभर गहू पाटीत पडतो. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ पडते. बायांची मात्र नाही. देवी बाई, दळणाऱ्या बाया, रोट भाजणाऱ्या बाया, रात्र जागवून गाणी म्हणणाऱ्याही बाया, आणि मूठ तेवढी बाप्यांची! हा न्याय कुणी केला कुणास ठाऊक, पण केला तो रोट भाजून नव्हे, आयते खाऊन केला असणार.

धरणगावजवळच्या त्यांच्या गावात ही मोजणी चुडामणआबांच्या ओसरीत होई. ब्याऐंशी साली मंजुळाचा बाप, वना, विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून गेला. त्या श्रावणात आबांनी नावं घेतली आणि वनाच्या जागी न थांबता पुढे गेले. भिकुबाई डोक्यावरचा पदर सावरत पुढे झाली. तिच्या हातात तिने घरून आणलेला मूठभर गहू होता.

“आबा, आमनी ऱ्हायनी,” ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. भिंतीला सांगावं तसं ते म्हणाले, “वना गया. आते त्या घरमा मूठ घेवाले कोन शे?”

“मन्ही मंजू शे ना.”

“अंडेरनी मूठ नही राहस. चाला पुढे.”

अंडेर म्हणजे मुलगी. सात वर्षांच्या मंजूला वाटलं, आई आता भांडेल. आईने गहू पदरात बांधला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या भाऊबंदांचे रोट भाजायला चुलीपुढे बसली. मंजू त्या दिवशी जेवली नाही. आईने तिला घरी नेऊन त्याच गव्हाची पोळी करून घातली आणि म्हणाली, “हाई तुन्ही मूठ. खाय.” ते दर वर्षी चाललं. ओसरीत नाव नसलेल्या मुलीची मूठ आईने घरात एकदाही चुकवली नाही.

याच बाईच्या दाराशी अख्खं गाव येई. कुणाची सून अडली, कुणाच्या सासूला लकवा मारला, की पहिली हाक भिकुअक्काला. तिची पिशवी खुंटीला तयारच असे: जुन्या लुगड्याची धुतलेली धडुती, तांब्या, साबण, आणि फडक्यात कळण्याची भाकरी नि ठेचा. वेचणीला निघालेली असली तरी कापसाची झोळी सोडून ती बैलगाडीत चढे. जळगावच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर कुठे काढायचा, रक्ताला कुठे पळायचं, हे तिला पाठ होतं. नवरे बाहेर विड्या ओढत, आणि अक्का परक्या बाईची घाण काढत बसे. शेकडो वेळा हे केलं तिने. पण मंजूची शाळा बुडू दिली नाही. जाताना शेजारच्या कमलबाईला बजावून जाई, “पोरले येळवर धाडजो.” पुढे आबांनी ‘पोरगी धुळ्याले काबर?’ म्हणून आकांडतांडव केलं, तरी तिने मंजूला स्वतः एसटीत बसवून धुळ्याला नर्सिंगला नेलं. सोबत डबाभर बिबड्या, ज्वारीचे पापड, दिल्या आणि वसतिगृहाच्या फाटकाशी रडली.

एक्क्याण्णव साली आबांची सून लताबाई अडली, तेव्हा आबांना भिकुबाईचं घर बरोबर सापडलं. ती तिला घेऊन जळगावला गेली. तीन दिवस लताबाईच्या उशाशी बसली आणि लताबाईसोबत तिच्या बाळाला, भूषणला, मांडीवर घेऊन परतली. त्या श्रावणात भूषणची मूठ वाजतगाजत पडली. अक्का आत दळणाचं जातं झाडत होती.

आणि चौऱ्याण्णवच्या वैशाखात, भर उन्हात कुणाला तरी दवाखान्यात पोचवून आलेली अक्का स्वतः तापाने फणफणली. आबांचा ट्रॅक्टर अंगणात उभा होता. पण ‘अक्काले काय होस? उठी जाई सकाय,’ म्हणत सगळे आपापल्या कामाला गेले. शेकडोंना घेऊन जाणाऱ्या बाईला घेऊन जायला गावात एक माणूस निघाला नाही! निरोप मिळून मंजुळा धुळ्याहून आली, तेव्हा तिच्या हाताला आईचा गार हात लागला. शोकसभेला मात्र ओटा पुरला नाही.

श्रावणात मंजुळा पुन्हा आली, ती थेट ओसरीत. नावं संपत आली होती. तिने मुठीत गहू धरला.

“मन्ही मायनी मूठ घ्या, आबा.”

“मरेल माणूसनी मूठ नही राहस,” आबा म्हणाले.

“जिती व्हती तवय तरी कोठे लिधी?”

 “बाईमाणूसनी मूठ नही. बठ्ठास्ले माहीत शे,” आबा सगळ्यांवरून हात फिरवून गरजले आणि पाटी उचलायला वाकले.

तेवढ्यात दाराआडून लताबाई भूषणला कडेवर घेऊन बाहेर आली. सासऱ्यापुढे कधी तोंड न उघडणारी ती सून पाटीपाशी बसली आणि तिने त्यातला मूठभर गहू काढून घेतला.

“मंग मन्हा भूषणनी बी मोजू नका. अक्का संगे नही येती, ते मी बी नही राहती नि हाऊ बी नही.”

आबांचा चेहरा उतरला. जित्या पोराची मूठ पाटीतून काढणं म्हणजे केवढा अपशकुन! त्यांचाच नियम त्यांच्या गळ्याशी आला होता.

“ठेव ती मूठ.”

“अक्कानं नाव ल्या, मंग ठेवस.”

“घाला जे घालनं शे ते!”

“नाव ल्या, आबा.”

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग पुटपुटले, “भिकुबाई.” त्या ओसरीत ते नाव कधी उच्चारलंच गेलं नव्हतं. तिथे ती नेहमी ‘वनानी बायको’ होती.

लताबाईने भूषणची मूठ परत टाकली. तिच्यावर मंजुळाने आईची टाकली. बाया रडू लागल्या, पण मंजुळाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिला संताप आवरत नव्हता. एक मूठ गहू तर होता! आई जिवंत असताना घेतला असता, तर तिने त्याचाही रोट भाजून याच लोकांना वाढला असता.