नारळ आणले जावेत

गेल्या शिमग्याला आमच्या गावच्या घरी देवीची पालखी आली, तेव्हा तिच्या स्वागताला घरची झाडून सगळी माणसं हजर होती. फक्त सगळी कुलपाच्या बाहेर.

दोष शिमग्याचा नाही, माझ्या इंग्रजीचा. मी महाडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. 'मस्ट बी डन', 'शुड बी ब्रॉट' ही माझी लाडकी वाक्यं. "पोरांनो, काम महत्त्वाचं. करणारा कोण, ते सांगायची गरज नाही," हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडू आपटून सांगत आलोय. (पोरांचा गृहपाठही याच तत्त्वावर चालतो. करणारा कोण, ते कधीच कळत नाही.)

गाव पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला. आईचा पाय मोडल्यापासून ती आमच्याकडे महाडला असते आणि गावचं घर बंद. कुलूप असलेल्या घरी पालखी चढत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्याच्या आदल्या शिमग्याला ती दारावरून तशीच पुढे गेली होती आणि ते आईनं फार मनाला लावून घेतलं होतं. "औंदा देवी माझ्या पडवीत बसली पायजे," एवढंच तिचं मागणं.

म्हणजे कामं वाटणं आलं. मुंबईहून थोरला दादा आणि वहिनी येणार होते. आता थोरल्या वहिनीला 'अंगण तुम्ही सारवा' असं सांगणार कोण? बायकोला, शैलाला सांगावं, तर 'त्यांना का नाही सांगितलं?' तेव्हा मला माझं व्याकरण आठवलं. कुणाचं नाव नाही, की कुणाचा रुसवा नाही! घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ऐटीत टाकलं: 'द कोर्टयार्ड शुड बी स्मिअर्ड. कोकोनट्स मस्ट बी ब्रॉट. द की मस्ट नॉट बी फरगॉटन.' म्हणजे अंगण सारवलं जावं, नारळ आणले जावेत, चावी विसरली जाऊ नये. सगळ्यांनी मला अंगठे दाखवले. (मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ काय होतो, ते तेव्हा सुचलं नाही.)

पालखीच्या दिवशी आम्ही महाडहून आणि दादा मुंबईहून थेट गावात पोहोचलो. दादानं डिकी उघडली. आत नारळाचं पोतं.

"एवढे?"

"तूच लिवलंस ना, नारळ आणायचे?"

शैलानं आमच्या रिक्षातून दुसरं पोतं उतरवलं. वहिनीच्या पिशवीत तिचे वेगळे नारळ. देवीच्या कामात मागे कोण राहणार? अंगण मात्र कोरडं ठणठणीत होतं.

"मला वाटलं, शैला सारवील," वहिनी म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही कुणाला तरी सांगितलं असेल," शैला म्हणाली.

"चावी कुठं हाय?" आईनं विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चावी महाडला, माझ्याच टेबलामागच्या खिळ्यावर होती. तिला विसरलं कुणीच नव्हतं. प्रत्येकाला ती पक्की आठवत होती, दुसऱ्याच्या खिशात.

"विसरायची नाय, असं होतं ना?" दादा गोंधळून म्हणाला. "पण कुणी, ते कुठं होतं?"

तेवढ्यात दोन घरं पलीकडे ढोल वाजायला लागले. मी घाईघाईनं सुचवलं, "कुलूप तोडलं गेलं पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले.

आईचे डोळे भरून आले. "यंदाबी माझ्या दारावरनं जाणार काय रे?"

मग तिनं काठी आपटली. "सुऱ्या, शेजारनं पहार आण, कुलूप तोड. मंगल, तू सडा टाक गो. शैला, तू पाट मांड, ओटीचं ताट कर. आणि बाळू, तू..." तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू नारळांपाशी बस."

दादानं दोन घावांत कुलूप तोडलं, वहिनीनं पदर खोचून सडा टाकला, शैलानं पाट मांडला आणि देवी पडवीत बसली. आईनं काठी बाजूला ठेवून ओटी भरली. ती रडली, मीही रडलो. (नारळांपाशी बसूनच.)

पालखी गेल्यावर दादानं तुटकं कुलूप उचललं. "आता नवं?"

"आणलं जाईल," मी म्हणालो.

"कोण आणील?" आईनं विचारलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

यंदा शिमग्याची कामं आईनंच वाटली, ग्रुपवर आवाज पाठवून, एकेकाचं नाव घेऊन. शेवटी माझी पाळी आली: "बाळू, चावी तू आण." एवढ्या विश्वासानं माझा ऊर भरून आला. लगेच तिचाच दुसरा आवाज आला: "शैला, त्यानं घेतली का, ते तू बघ."