सोनुबाईच्या दारातलं ताट

दहिवलीच्या तस्लीमने लेकीसाठी काय नाही केलं? दर्गा झाला, ताईत झाला, कल्याणचा डॉक्टर झाला. बावीस वर्षांची कशिश मात्र होती तिथेच. बटणं अम्मीने लावायची, वेणी अम्मीने घालायची, माशाचे काटेही अम्मीनेच काढायचे. "लेकरूच हाय माझं," असं ती कौतुकाने सांगायची आणि लोक माना डोलवायचे. माना डोलवायला काय जातं?

यंदा तस्लीमची साखर वाढली, पाय सुजले आणि एकच घोर जिवाला लागला. मी गेल्यावर हिचं कोण करणार? म्हणून ती कर्जतला, विशेष मुलांना शिकवणाऱ्या रुचिताबाईंकडे गेली.

"बरी कदी होईल, बाई?"

"ती आजारी नाही, तस्लीमताई. मग बरी कशाची होणार? तिची समज पहिल्यापासूनच हळू चालते. पण शिकेल ती. एकेक गोष्ट सुटी करून पुन्हापुन्हा शिकवायची, आणि मधे आपण हात घालायचा नाही."

हात न घालणं तस्लीमला सगळ्यात जड गेलं. रमजानात शेजारी तांदळाच्या वाफवलेल्या गोड सांदणांचं ताट पाठवायची तिच्या घरची रीत. पहिले काही दिवस मायलेकी मिळूनच गल्लीच्या वळणापलीकडच्या सोनुबाईकडे गेल्या. मग एका संध्याकाळी तस्लीमने ताटावर रुमाल घातला आणि म्हणाली, "आज तू एकटी जा. बरकतीचं ताट हाय, खाली ठेवायचं नाय. सोनुबाईच्या हातातच द्यायचं."

अजान झाली, रोजा सुटला, तरी कशिश परतली नाही. तस्लीम तशीच धावली. सोनुबाईच्या दाराला कुलूप, आणि पायरीवर कशिश ताट धरून ताठ उभी.

"खुळी का काय तू? कुलूप दिसत नाय?"

"सोनुबाईच्या हातात," कशिश म्हणाली.

तस्लीमचा राग तिथेच विरला. पोरीने सांगितलेलं तंतोतंत केलं होतं. दार बंद असलं तर काय करायचं, हे शिकवायचं आईच विसरली होती. तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. राहिलेलं शिकवता येतं.

दुसऱ्या दिवसापासून बंद दाराचा धडा सुरू झाला. सोनुबाई मुद्दाम कुलूप घालून मागच्या पडवीत बसायची, हसू दाबून. ईद तोंडावर आली तेव्हा कशिश एकदा भरलं ताट घेऊन आपणहून घरी परतली.

"कुलूप हाय, अम्मी."

मगरिबच्या नमाजानंतर तस्लीमने हात पसरले. बावीस वर्षं एकच दुआ होती, माझी लेक बरी होऊ दे. आज ती मागायची राहूनच गेली. अजून बटणं होती, वेणी होती, चूल होती.

"अल्ला, मला थोडी वर्षं वाढवून दे," एवढंच ती म्हणाली.